पुराव्याचा बैल

हरिभाऊंच्या नाकावर राग असतो हे सगळ्या मोखाड्याला माहीत होतं. पण त्या वर्षी फाल्गुनात तो जो चढला तो उतरायचं नाव घेईना. ते कोंडवाड्याचे कारकून. चुकार गुरं कोंडायची आणि सोडायची एवढंच त्यांचं काम. मग संस्थानाने खालसातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला, जनावरांचा कायदा उचलला आणि तो राबवायचं कामही हरिभाऊंच्या गळ्यात पडलं. जखमी जनावर जुंपायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, निकामी झालं म्हणून रानात टाकून द्यायचं नाही. गावात दवंडी फिरली तेव्हा हे गृहस्थ डफवाल्याच्या बरोबरीने उन्हातून हिंडले होते. आपल्या हातून काहीतरी चांगलं होणार, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

झालं काय? पालथ्या घड्यावर पाणी. दामोदरशेट लाकडाचे ठेकेदार. त्यांच्या सागाच्या गाड्या खोडाळ्याच्या वाटेने येतच राहिल्या, आणि बैलांचे खांदे सोलवटायचे ते सोलवटतच राहिले.

असं नव्हे की हरिभाऊंनी हातपाय हलवले नाहीत. आदल्या वर्षी त्यांनी शेटचा एक बैल धरलाच होता. खटला उभा राहीपर्यंत बैल पुरावा म्हणून कोंडवाड्यात ठेवायचा, असा नियम. कोंडवाड्यात चारापाण्याला नवशी होती, पोशेऱ्याकडच्या पाड्यावरची. तिने करंजाचं तेल आणि हळद लावून लावून खांदा असा बरा केला, की तारखेच्या दिवशी बैल नुसता तुकतुकीत! शेटच्या वकिलांनी भर कचेरीत, खटले चालवणाऱ्या साहेबांसमोर, त्याच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "साहेब, या जावयाला कोणी छळलं म्हणता?" शिपायापासून साहेबापर्यंत सगळे हसले. खटला निकालात निघाला आणि तोच बैल त्याच जुवाखाली गेला. ते हसू हरिभाऊंच्या कानातून वर्षभर गेलं नाही.

आणि आता हा तांबडा, शेटच्याच गाडीचा. चढणीला गाडी अडली आणि तो गुडघ्यांवर बसला. गाडीवान सोम्या त्याचं शेपूट पिरगाळत होता. जू उचललं तर खाली कातडं नव्हतंच, लालभडक मांस होतं. हरिभाऊंनी स्वतःच्या हाताने जोतं सोडलं. सोम्या म्हणाला, "मी काय करू भाऊ? शेट बोलतो, पाऊस लागायच्या आधी माल गेला पायजे. नाय नेला तं मला काढंल."

"तू जा घरी," हरिभाऊ म्हणाले. "मला गाडीवान नको, मालक पाहिजे." चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांपैकी ते नव्हते, एवढं त्यांच्या बाजूने म्हटलंच पाहिजे.

तांबडा कोंडवाड्यात आला, तशी नवशी तेलाची वाटी घेऊन आलीच.

"हात लावायचा नाही," हरिभाऊ म्हणाले.

"का?"

"जखम हाच पुरावा आहे. मागच्या खेपेला तू बरी केलीस आणि शेट सुटला. या खेपेला जखम साहेबांनी डोळ्यांनी बघितली पाहिजे. चारा दे, पाणी दे, सावलीला बांध. खांद्याला मात्र काही लावायचं नाही."

नवशी वाटी घेऊन तशीच उभी राहिली. पाड्यावरची माणसं साहेबालाही तू म्हणतात, कारकुनाचं काय! "त्याला दुखतं, भाऊ. तुझी कचेरी कधी?"

"चार दिवसांत."

"मंग चार दिस तो काय करंल? त्याला इचारलास?"

हरिभाऊ खेकसले, "शेटकडे असे चाळीस बैल आहेत! याने थोडं सोसलं, की चाळिसांची मान सुटेल. समजतं का तुला?"

तिला समजलं असेल किंवा नसेल. वाटी तिने भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून दिली.

चार दिवसांनी कळलं, साहेब फिरतीवर गेले. मग शेटच्या वकिलांना जव्हारहून निघता येईना, त्यांना ताप. मग शिमगा आला. होळीला पाडेच्या पाडे नाचत होते, कचेरीला कुलूप. तारीख पुढे गेली की हरिभाऊ कचेरीच्या पायरीवर उभे राहून शिपायावर ओरडायचे आणि शिपाई निवांत तंबाखू मळत म्हणायचा, "माझ्या हातात काय आहे, हरिभाऊ?" खरंच होतं. कोणाच्याच हातात काही नव्हतं. राग काढायला माणूस सापडू नये, यासारखा दुसरा जाच नाही.

रोज सकाळी ते कोंडवाड्यात जायचे. तांबड्याचं शिंग धरायचे आणि अंगठ्याने खांदा दाबून बघायचे, जखम ओली आहे ना? बैल पाय झाडायचा, डोळे फिरवायचा. "थांब रे बाबा, तुझ्यासाठीच चाललंय हे," असं ते म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एकदा जखमेने खपली धरली. ती बघून हरिभाऊंच्या कानात मागचं हसू पुन्हा वाजलं. तेवढ्यात माशांनी बेजार झालेल्या तांबड्याने खांदा खांबाला खसाखसा घासला, खपली निघाली, रक्त आलं आणि हरिभाऊंना हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात आल्यावर ते नवशीवर उखडले, गोठा झाडला का नाही म्हणून. तिने मघाशीच झाडला होता.

मग अळ्या पडल्या. नवशी सीताफळाचा पाला वाटून घेऊन आली. "आता तरी लावू दे. हे किडे आत जातील."

"उद्या तारीख आहे. एवढा एक दिवस, नवशे."

"तू रोज एकच दिस सांगतोस," ती म्हणाली. पण हुकूम त्यांचा होता. पाला सुकून गेला.

तारखेला सगळे हजर. तांबड्याला अंगणात आणलं तेव्हा त्याची मान खाली लोंबत होती आणि वास ओसरीपर्यंत येत होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. हरिभाऊ मनात म्हणाले, आता हसा!

वकील हसले नाहीत. ते बैलाकडे अगदी कळवळून बघत होते. मग त्यांनी नवशीला पुढे बोलावलं.

"बाई, हा कोंडवाड्यात आला तेव्हा जखमेत किडे होते?"

"नाय."

"तुला औषध माहीत आहे?"

"हाय की."

"मग लावलं का नाहीस?"

नवशीने हरिभाऊंकडे बघितलं. तिला त्यांचं वाईट करायचं नव्हतं, पण कचेरीत एक बोलायचं आणि कोंडवाड्यात दुसरं, ही विद्या तिला कोणी शिकवली नव्हती. "भाऊ नको बोलला," ती म्हणाली. "जखम साहेबाला दाखवायची हाय, बोलला."

वकिलांनी कायदाच वाचून दाखवला. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याची निगा राखली नाही तर तो गुन्हेगार. मालक असो वा नसो. हे कलम हरिभाऊंना तोंडपाठ होतं. दवंडीच्या वेळी त्यांनीच ते डफवाल्याकडून घोकून घेतलं होतं.

"साहेब, जू यांचं होतं!" हरिभाऊ ओरडले. "जखम यांनी केली!"

"केली असेल," साहेब म्हणाले. "पण यातली त्यांची किती आणि तुमची किती, हे मी आता कसं ठरवू? तुम्ही इलाज करू दिला नाहीत, हे खरं ना?"

हरिभाऊंनी तोंड उघडलं. चाळीस बैल, चाळीस माना, सगळं सांगायचं होतं. शब्द एकच निघाला. "खरं."

शेट सुटले. दंड हरिभाऊंना झाला. त्या कायद्याखाली अख्ख्या मोखाडा महालात शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणजे हरिभाऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बैल मालकाने न्यावा असं साहेब म्हणाले, तर शेटनी हात झटकले. "असला मरतुकडा घेऊन काय करू? राहू दे यांच्याकडेच, फार माया आहे यांची."

"हा टाकून देण्याचा गुन्हा आहे!" हरिभाऊंचा आवाज चिरकला.

वकील पागोटं सावरत म्हणाले, "मग नवीन खटला घाला."

कोंडवाड्यात येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. नवशी पाला वाटायला बसली. हरिभाऊंना कोणावर तरी ओरडायचं होतं. शेट, वकील, साहेब, ताप, शिमगा, सगळ्यांची नावं मनात घेऊन झाली आणि राग फिरून घरीच आला. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या हातातला पाला ओढून घेतला. "दे इकडे. मी लावतो."

तांबड्याला धड उभं राहवत नव्हतं. पण हरिभाऊ जवळ येताना दिसले, तसा तो दावं ताणून मागे हटला, भिंतीला जाऊन भिडला आणि थरथरायला लागला. त्यांनी हात पुढे केला. बैलाने डोळे फिरवले आणि अशी मान फेकली की शिंग त्यांच्या छातीजवळून गेलं.

"अरे, औषध आहे," हरिभाऊ म्हणाले. "औषध आहे रे बाबा."

"तुझा हात त्याला ठावा झालाय, भाऊ," नवशी म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "तू रोज दाबायचास ना. दे माझ्याकडे, आन् तू बाहेर हो. तू हायस तवर तो जागेवर थांबायचा नाय."

हरिभाऊंनी पाला तिच्या हातात दिला आणि ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. आतून नवशीचं हळू हळू बोलणं ऐकू यायला लागलं आणि थोड्या वेळाने बैलाची धडपड थांबली.