एका श्वासात म्हणायची दोन नावं

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, दिसायला मी काही खास नाही. तपकिरी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, पाठीला कापडाची पट्टी. पण माझी शिलाई बघा! इतक्या वर्षांत एक टाका सैल झाला असेल तर मी नाव बदलीन.

मला घडवलं एका बाइंडरने. त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. समोर काचेची मोठी खिडकी, आत पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचा डबा आणि पायाखाली कातरलेल्या कागदाच्या पट्ट्याच पट्ट्या. त्याने कागद दुमडले, दाभणाने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं. पानं भरली शंभर. मग त्याने पातं उचललं आणि शेवटचं पान सपकन कापून टाकलं. मला लागलंच जरा! पण मी नव्व्याण्णवच पानांची असायला हवी होते, कारण माझा जन्म एका खास कामासाठी झाला होता.

बाइंडर मुसलमान. त्याचा जिवलग मित्र होता चौकापलीकडच्या चर्चचा पाद्री. चर्चमधली गीतांची फाटकी पुस्तकं बाइंडर वीस वर्षं शिवत आला होता, ओळख तिथलीच. रविवारी पाद्र्याचं काम, म्हणून त्याची सुट्टी सोमवारी, आणि सोमवार म्हणजे बाइंडरचं दुकान. बाइंडरला ईश्वराची नव्व्याण्णव नावं तोंडपाठ होती. पाद्री म्हणाला, "दर सोमवारी एक नाव सांग. मी ते लिहीन आणि खाली माझ्या ग्रंथात त्याच्याबद्दल काय सापडतं तेही लिहीन." एका नावाला एक पान. अशी मी!

पानांवर आकडे घातले पाद्र्याच्या लेकीने. ती अकरा वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शिकंज्यावर चढून बसली आणि हिरव्या शाईने तिने एक ते नव्व्याण्णव आकडे काढले.

काय दिवस होते ते! दोघं भांडत किती! पाद्री म्हणायचा, "काय रे, 'प्रेम करणारा' हे नाव तुझ्याकडे सत्तेचाळिसावं? आमच्याकडे तो दारातच भेटतो."

"आमच्या दारात दयाळू उभा असतो. तोही एका नावाने नाही, दोन नावांनी. आणि पाहुण्याने यजमानाच्या खुर्च्या मोजू नयेत."

"बरं, मग 'बाप' कुठाय? नव्व्याण्णवांत एकदाही नाही?"

"नाही. आम्ही त्याला नात्यात बांधत नाही."

"मग रडू आलं की हाक कुणाला मारता?"

"रहमानला, त्या पहिल्याच दयाळू नावाला. आईच्या पोटातल्या मायेचा शब्द आहे तो."

पाद्र्याने पानं मागे उलटली. मग त्याने माझ्या पहिल्या पानावर उरलेल्या जागेत लिहिलं, 'बाप नाही, पण आईच्या पोटाची माया आहे. विचार करायला हवा.' आतल्या खोलीतून बाइंडरची बायको ओरडली, "भाऊजी, विचार नंतर करा, चहा गार होतोय!"

असे नव्वद सोमवार गेले. नव्वद पानं भरली. काही पानांवर पाद्र्याने 'हे तर आमचंच' असं लिहिलं, काहींवर 'इथे मी अडलो'. अडला तिथेही त्याने कधी खोटं लिहिलं नाही, याचा मला भारी अभिमान होता.

मग एक्याण्णवावा सोमवार आला.

"अद्-दार्र," बाइंडर म्हणाला. "हानी करणारा."

पाद्र्याचा पेन थबकला. "हे ईश्वराचं नाव?"

"त्याच्या हुकमाशिवाय हानीसुद्धा होत नाही, असा त्याचा अर्थ. पण थांब, हे एकटं लिहायचं नाही. पुढचंही आजच घे. अन्-नाफी, लाभ देणारा. आमची जाणती माणसं ही दोन्ही एका श्वासात म्हणतात. जोडी फोडत नाहीत."

"आठवड्याला एक. ठरलंय ते ठरलंय. खाली काय लिहायचं तेही मला अजून शोधायचंय."

"तुझं डोकं म्हणजे दगड आहे, पाद्री."

"पुढच्या सोमवारी फोड."

दोघं हसले. माझ्या एक्याण्णवाव्या पानावर ते एकच नाव राहिलं.

बुधवारी भिंगरीला ताप भरला. शनिवारी दुपारी ती गेली. माती देताना बाइंडर शेवटच्या रांगेत उभा होता. पाद्र्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचे दोन सोमवार पाद्री दुकानात गेला नाही. तिसऱ्या रविवारी तो मला घेऊन व्यासपीठावर चढला. चर्च गच्च भरलं होतं. त्याने माझं एक्याण्णवावं पान उघडलं. तो म्हणाला, "माझ्या मित्राने मला त्याच्या देवाचं हे नाव लिहायला लावलं. हानी करणारा. सहाव्या दिवशी माझी मुलगी गेली. असा देव माझा नाही." आणि त्याने मला मिटलं.

मित्रांनो, त्याला दुसरं नाव माहीत होतं! मला ओरडावंसं वाटलं, पान उलट, पुढचं म्हण! पण वहीला आवाज कुठला? आणि माझ्या ब्याण्णवाव्या पानावर होता तरी काय, एक हिरवा आकडा!

चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या बोलण्याचं दुसरंच काही झालं. "बाइंडरने लिहायला लावलं आणि पोरगी गेली," असं एकजण म्हणाला. "बाइंडरनेच काहीतरी केलं पोरीला," असं फाटकापाशी दुसरा म्हणाला. गुरुवारपर्यंत गीतांची पुस्तकं अर्धवट शिवलेलीच परत नेली गेली. शुक्रवारी भर दुपारी त्या काचेच्या खिडकीतून दगड आला. बाइंडर खिडकीशीच दोरा ओवत बसला होता. काच त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

सोमवारी पाद्री मला छातीशी धरून आला. दारात बाइंडरची बायको उभी होती.

"या भाऊजी. दारातूनच यायला हवं असं नाही, आता खिडकीतूनही वाट झालीय."

बाइंडर आत खाटेवर होता, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी.

"तू अर्धंच वाचलंस," बाइंडर म्हणाला.

"दुसरं माझ्या तोंडातून निघेना. लाभ? कसला लाभ रे? माझी पोर गेली!"

"मला तरी कुठे कळलंय? माझ्या मांडीवर खेळली ती. आता माझा डोळा गेला. यात कसला लाभ, मला ठाऊक नाही. म्हणून तर एका श्वासात म्हणायचं. पहिल्यापाशीच थांबलं की माणूस वेडा होतो, आणि मग दगड उचलतो."

"मला माफ कर."

"इथे कोपऱ्यात नको. जिथून बोललास तिथून बोल."

पुढच्या रविवारी पाद्री पुन्हा उभा राहिला. घरीच त्याने माझ्या ब्याण्णवाव्या पानावर नाव लिहून आणलं होतं. त्याने दोन्ही नावं एका श्वासात म्हटली. मग म्हणाला, "यांचा अर्थ मला लागत नाही. पण आपल्याच ग्रंथात मुलंबाळं गमावलेला एक माणूस आहे. देणारा आणि नेणारा एकच, असं तोही म्हणाला. ते पान मी तुमच्यापासून लपवलं. मी देवाला बाप म्हणतो. त्या बापाला रोज विचारतो, का नेलंस? उत्तर येत नाही. म्हणून मी माझं दुःख मित्राच्या दारात नेऊन टाकलं. तो दगड तुमच्यातल्या कुणीतरी मारला, पण हातात दिला मी."

तो बोलत असतानाच अर्धी बाकं रिकामी झाली. महिन्याभरात चर्चच्या कमिटीने त्याला काढलं.

आणि बाइंडरने हे ऐकलंच नाही. त्या रविवारच्या आदल्याच दिवशी ती दोघं नवरा-बायको डोळ्याच्या उपचाराला दूर, बायकोच्या भावाकडे निघून गेली होती. पाद्र्याने पत्रं लिहिली. उत्तर आलं एकच, बायकोच्या अक्षरात. 'डोळा गेला. दुसऱ्यानेही कमी दिसतं. तुमचं रविवारचं कळलं. हे म्हणतात, चांगलं केलंस. पण भाऊजी, सोमवारी येऊ नका.'

उरलेली सात नावं छापील यादीत कुठेही मिळतील. पाद्र्याने ती उतरवून घेतली नाहीत. माझी शेवटची सात पानं कोरी आहेत.

मित्रांनो, दुसऱ्याच्या देवाचं नाव कधी तुमच्या तोंडी आलं, तर ते पुरतं घ्या, त्याच्या जोडीदारासकट. आणि मन फाटलेलं असेल त्या दिवशी तर चारचौघांत बोलण्याआधी त्या मित्राच्या दारात जाऊन बसा. पाद्री मला फार जपतो. कापडात गुंडाळतो, वाळवी लागू नये म्हणून महिन्यातून एकदा ऊन दाखवतो. एवढी काळजी त्याने त्या एका रविवारी आपल्या मित्राची घेतली असती, तर! वहीला जपणं सोपं असतं हो. तुम्ही माणसाला जपा.