चिमटीच्या खुर्चीची पाठ

आमच्या कारखान्यात सोफे आणि खुर्च्या बनतात, आणि त्यांच्यावर बसायला बंदी आहे. बंदी माझीच. गिऱ्हाइकाच्या मालावर पहिलं बूड गिऱ्हाइकाचंच टेकलं पाहिजे, हा नियम नवऱ्याच्या माघारी मी घातला आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. शिवणारे लाकडी स्टुलावर, फोम भरणारे उभे, आणि मी सगळ्यांच्या पाठीमागे. शाळा मी चौथीतच सोडली, पण शिवण वाकडी जायला लागली की मला शिवणाऱ्याच्या आधी कळतं.

तर त्या सोमवारी आमची चिमटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चिमटी म्हणजे आमची शिवणारी. कापडाची कड दोन बोटांत अशी धरते की टाचणी लावावी लागत नाही, म्हणून हे नाव. लग्नाआधी आली होती, आता तिची मुलं शाळेत जातात. खुर्चीच्या गोल कडेची शिवण तिच्यासारखी कोणालाच जमत नाही, आणि आम्ही तर नुकतंच एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम घेतलं होतं.

"मावशी, शनिवारपर्यंत येईन. मग वळणावरच्या नव्या कारखान्यात जाणार."

"तो जास्त देतोय? मीही देईन."

"तेवढाच देतोय."

"मग काय थंडगार हवा सोडलीय आत?"

"नाही. पंखेच आहेत. खडखड करणारे."

"मग जातेस कशाला बये?"

"मान दुखते," एवढं बोलून ती मशीनकडे वळली.

मान दुखते! माझे गुडघे कधीपासून कुरकुरतायत, पण मी कुठे दुसरं घर बघायला गेले?

संध्याकाळी जेवताना मी सुनेला सांगितलं. सून एका मोठ्या ऑफिसात माणसांच्या रजा आणि तक्रारी बघते. मागे एकदा तिने आमच्याकडेही सगळ्यांची मनं प्रसन्न राहावीत म्हणून रोज सकाळी हसण्याचा व्यायाम सुरू केला होता. आमचा फोम भरणारा लांब्या, दारातून वाकून यावं लागतं त्याला, दोन दिवस हसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, हसून झालं, आता पाठ टेकू का?" तो व्यायाम तिथेच संपला.

"आई, चिमटी गेली की बाकीचेही पाय काढतील," सून म्हणाली. "नव्या माणसाचा हात बसेपर्यंत किती कापड वाया जातं, ते तुम्हीच सांगत असता."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, विचारतेय. गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला बसवता, माप घेता, कुठे टेकायचंय, कुठे दुखतं ते विचारता. आपल्या माणसांना कधी विचारलंत?"

"गिऱ्हाईक खुर्ची विकत घेतं!"

"आणि ही माणसं ती बनवतात," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. ही तिची खोड आहे. तोंड बंद करायचं असलं की वाढते.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन कारखान्यात गेले. सुनेला सांगितलं नाही. उगाच तिला शिंगं फुटली असती.

"या सगळे. माप द्या. उरलेल्या लाकडाच्या आणि फोमच्या तुमच्या खुर्च्या करायच्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी पिऊन आले होते. आधी लांब्याला बसवलं. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. म्हणाला, उभं राहून राहून टाचा जळतात, उंच बैठक मिळाली तर टेकून फोम भरता येईल. कापड कापणारे काका म्हणाले, कंबर डावीकडे धरते, डाव्या बाजूला हात टेकायला काहीतरी हवं. बोलायला लागले ते थांबेनातच. माझा थोरला लाकडाचे सांगाडे करतो, तो मापं पाटीवर खडूने लिहीत होता. त्याचा हात पुरेना.

चिमटी उठली नाही. "मी चालले आता. माझं माप कशाला?"

"खुर्ची तिकडे घेऊन जा. तुझ्या बुडाला तरी माझी आठवण राहील."

सगळे हसले, तीही हसली, आणि येऊन बसली. गुडघ्याची उंची झाली, बैठक किती खोल हवी तेही झालं.

"पाठ कुठवर हवी?"

"डोक्याच्या वर."

"अगं, शिवणारीला एवढी उंच पाठ कशाला? खांदे मोकळे नकोत?"

"डोक्याच्या वरच हवी."

"का?"

ती टेपकडे बघत म्हणाली, "तुम्ही मागे उभ्या राहता ना मावशी, ते मला कळू नये म्हणून. तुम्ही डाव्या अंगाने येता. सुई चालू असताना मी सारखी मान वळवून बघते, आहात की गेलात. दिवसभर. डॉक्टर म्हणाले, काम बदला. काम मला आवडतं. म्हणून जागा बदलतेय."

कापणारे काका मन लावून कात्री चालवत होते, आणि टेबलावर कापड नव्हतं.

"मी मागे असते म्हणून माल असा निघतो," मी म्हणाले.

"मी शिवते म्हणून असा निघतो." आवाज बारीक होता, पण म्हणाली.

मी टेप तिच्या मांडीत टाकला आणि बाहेर येऊन फोमच्या गठ्ठ्यावर बसले. डोकं तापलं होतं. ज्या पोरीला हातात कापड धरायला मी शिकवलं, तिने मला असं सुनवावं! तिच्या तोंडावर फेकायला चांगली दहा उत्तरं तयार होती माझ्याकडे. पण मला चिमटी हवी होती. बरोबर कोण, ते नंतरही बघता आलं असतं.

थोरला बाहेर आला तेव्हा त्याला म्हटलं, "चिमटीच्या खुर्चीला पाठ खांद्याच्या खालीच ठेव. आणि एक खुर्ची माझी कर. दारात, तोंड रस्त्याकडे."

"रस्त्याकडे? मग आतलं कसं दिसणार?"

"नाही दिसणार."

त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आत सगळ्यांना सांगितलं: यापुढे पुरा झालेला माल माझ्याकडे आणायचा, चालू कामाकडे मी फिरकणार नाही. सांगणं सोपं होतं. दारात बसून पाठीमागे मशीनचा आवाज ऐकणं म्हणजे कोणी माझ्या भाजीत मीठ घालतंय आणि मी डोळे मिटून बसलेय. रस्त्यावरून जाणारे कुत्रेसुद्धा मी मोजले. दोनदा उठले, दोनदा थोरल्याने नुसतं खाकरून मला खाली बसवलं.

शुक्रवारी चिमटी स्वतःहून एक खुर्ची घेऊन आली. "ही कड चुकलीय माझी. उसवून पुन्हा करते, नाट्यगृहाला जरा उशीर होईल." आधी अशी चुकलेली कड गठ्ठ्याच्या तळाशी जायची आणि गिऱ्हाइकाच्या घरून परत यायची. मी नुसती मान हलवून खुर्ची तिच्याकडे सरकवली. जिभेला गाठ मारली होती म्हणा.

शनिवारी तिची खुर्ची तयार झाली. दुपारभर त्याच खुर्चीवर बसून तिने काम केलं. संध्याकाळी ती दारात आली.

"मावशी, मी गेल्यावर पुन्हा मागे उभ्या राहाल ना?"

"तू गेल्यावर मी काय करते, त्याचं तुला काय?"

"लांब्याला, काकांना त्रास नको म्हणून विचारते."

"या खुर्चीत एकदा बसलं की माझ्या गुडघ्यांना उठवत नाही. बसूनच राहणार. खुर्ची नेतेस ना?"

"आज हातात पिशव्या आहेत," ती म्हणाली आणि गेली.

रविवार कसा गेला, ते विचारू नका. सुनेने मला तीनदा वाढलं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी दारात जाऊन बसले. वळणावर नव्या कारखान्याचं फाटक दिसतं. चिमटी त्या बाजूने आली, फाटकाशी थांबली. तिथला माणूस हातवारे करत होता, ती मान हलवत होती. मला वाटलं, गेली आत. मी पदराने उगाच खुर्चीचा हात पुसत बसले.

वर पाहिलं तर ती रस्ता ओलांडत होती, इकडे.

"काय गं, काही विसरलीस?"

"त्याला सांगून आले, येत नाही म्हणून. सांगायला नको का? वाट बघत बसला असता."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला दिसलंच की इथून." तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सरका ना मावशी, दारातच बसलाय. नाट्यगृहाच्या खुर्च्या तशाच पडल्यात."

मी खुर्ची ओढून तिला वाट करून दिली.