निरोप मिळाला, असे मी म्हणाले

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. वहीतले नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचे. मला वाळवी लागत नाही की माझे कोपरे दुमडत नाहीत. तरी माझ्यावर एक डाग आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

माझा जन्म सुतारकामाच्या एका कारखान्याच्या माळ्यावर झाला. खाली करवत चाले आणि वर भाचीच्या संगणकावर भुसा साचे. कारखाना तिच्या मामांचा. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

मिस्त्रींची एक रीत होती. कुणाला कपाट हवे असले, की ते त्या घरी जात. पण लगेच माप घेत नसत. घरातल्या माणसाला ते भिंतीपाशी उभे करत आणि म्हणत, "वरचा डबा काढल्यासारखा हात उंच करा." बोटे पोचतील तिथे कानामागची पेन्सिल काढून खूण करत. रोज लागणारी फळी त्या खुणेच्या खालीच.

अशाने दिवसाला दोनच घरे होत. गिऱ्हाईक वाट पाहून दुसरीकडे जाई. पाच कारागिरांत तिघांपुरतेच काम उरले, तेव्हा भाची पडद्यावरच्या पानाविषयी बोलू लागली. मिस्त्री म्हणाले, कपाट म्हणजे काय भाजी आहे, निवडली आणि पिशवीत टाकली? पण बसून राहिलेल्या दोघांकडे पाहून ते हो म्हणाले. तीन महिने खपून भाचीने मला घडवले.

माझ्या आधीची पाने भिंतीवरच्या जाहिरातीसारखी होती. त्यांनी सांगायचे, लोकांनी वाचायचे. मी मात्र उत्तर देणारे पान होते. तुम्ही बोटाने ओढले की माझ्यातले कपाट रुंद होई. दाराला हात लावला की दार उघडे. रंग बदला, फळी वाढवा, किंमत तिथल्या तिथे समोर. मिस्त्रींनी कधी न पाहिलेल्या गावांतून मागण्या आल्या. पाचांचे नऊ कारागीर झाले. लोक मला पाहायला माळ्यावर येत आणि मी मनात फुगत असे.

माझ्या तळाशी एक चौकट होती. "आणखी काही सांगायचे आहे?" असे तिच्यावर लिहिले होते. कुणी काही लिहून पाठवले, की मी हिरवी खूण दाखवून म्हणत असे, "धन्यवाद, तुमचा निरोप मिळाला."

प्रत्येक मागणीचे दोन कागद खाली कारखान्यात छापून निघत. पहिल्यावर मापे, दुसऱ्यावर निरोप. बहुतेक जण चौकट रिकामी सोडत, म्हणून दुसरा कागद कोराच बाहेर पडे. मिस्त्री वैतागले. हे यंत्र कोरे कागद का ओकते, म्हणून त्यांनी भाचीला हाक मारली. तिने मला पहिलाच कागद छापायला सांगितले. निरोप नंतर पहिल्या कागदावर आणू, असे ती म्हणाली खरी. पण कामाच्या धबडग्यात ते राहून गेले.

मी मात्र हिरवी खूण दाखवत राहिले.

एके दिवशी निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने स्वयंपाकघरासाठी कपाट मागवले. वर्षानुवर्षे रुग्णांना उचलून तिचा उजवा खांदा धरला होता. ती एकटीच राहत होती. चौकटीत तिने लिहिले, "हात खांद्याच्या वर जात नाही. रोजच्या वस्तू खाली राहतील असे करा." मी म्हणाले, निरोप मिळाला.

कपाट देखणे झाले. कारागीर ते बसवूनही आले. रोजच्या फळ्या मात्र वरच होत्या.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. तक्रार नव्हती. न डगमगणारे एक स्टूल करून द्याल का, एवढेच तिने विचारले. मिस्त्री स्वतः गेले, तर तिच्या डाव्या मनगटाला प्लास्टर. खुर्चीवर चढून डबा काढताना ती पडली होती. मिस्त्रींनी सवयीने पेन्सिल काढली आणि म्हणाले, "ताई, उजवा हात जरा वर करून दाखवा."

"तेच तर लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुमचं उत्तरही आलं, निरोप मिळाला म्हणून. मला वाटलं, वाचलंय पण जमत नसेल. उगाच कशाला परत त्रास द्यायचा?"

मिस्त्री परतले ते थेट माळ्यावर आले. भाचीने माझे पोट उघडले. आत सदतीस निरोप होते, एकही कुणी वाचलेला नव्हता. मिस्त्री चष्मा लावून एकेक मोठ्याने वाचू लागले. एका बाईंना करकरणारे दार हवे होते, कारण त्यांच्या यजमानांना चोरून गोड खायची खोड होती. भाचीला हसू फुटले. मग परिचारिकेचा निरोप आला आणि तिचे हसू मावळले.

"मामा, चूक माझी," भाची म्हणाली.

"कागद मीच बंद करायला लावला ना," मिस्त्री म्हणाले.

मित्रांनो, दोघांनी चूक वाटून घेतली. माझ्या वाट्याची कुणी मला दिली नाही, म्हणून ती मीच उचलते. मला सांगितले तेवढेच मी केले, हे खरे. पण निरोप आला आहे आणि तो पुढे गेलेला नाही, या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेले मी एकटेच होते. आणि तरी मी सदतीस वेळा 'मिळाला' म्हणाले.

मिस्त्रींनी सदतीस घरी फोन केले. परिचारिकेचे कपाट उतरवून नवे बसवले, तिच्या छातीच्या उंचीचे. दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलची खूण आहे. ती पुसू नका, असे तिने बजावले आहे.

आता माझ्या जागी नवे पान आले आहे. फोन भिंतीसमोर धरला की ते तुमच्याच खोलीत कपाट उभे करून दाखवते. माझ्यापेक्षा ते फार हुशार आहे. पण निरोप पाठवला की त्याच्यावर आधी नुसती राखाडी खूण उमटते. मिस्त्री निरोप वाचतात, स्वतः बटण दाबतात, तेव्हाच ती हिरवी होते. कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी. लोक थांबतात.

मला पुसून टाकू का, असे भाचीने विचारले होते. मिस्त्री नको म्हणाले. म्हणून ते सदतीस निरोप अजून माझ्यापाशी आहेत.

तुम्ही मोठे झालात की माझ्याहून चपळ पाने घडवाल. जरूर घडवा. फक्त हिरवी खूण करण्याआधी एकदा खाली कारखान्यात जाऊन या. निरोप कुणाच्या हातात पडला, ते डोळ्यांनी पाहा. मला पाय नव्हते, मित्रांनो. तुम्हाला आहेत.