नवरीची गाडी

माझी जीप काळी-पिवळी. महागाव ते पुसद ही तिची लाइन, आणि तिच्यात माणसं कशी कोंबायची हे मला विचारा. बोनेट सोडून सगळीकडे बसवलीत मी. पण ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि लोकांनी चिडून औषधावर औषध मारलं, त्या वर्षी माझ्या गाडीत बसून येणाऱ्यांपेक्षा झोपवून आणलेलेच जास्त झाले. फवारता फवारता पोरं वावरात पडायची. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस. रुग्णवाहिका लांबून यायची आणि माझी, या भीमराजची, जीप गावातच उभी. मग काय, जेवत असो की झोपलेला असो, दारावर थाप पडायची.

मी गाडी काढायचो. पुसदच्या दवाखान्यात माणूस आत गेला की सगळे त्याच्यामागे पळायचे आणि मी बाहेरच्या नळावर सीट धूत बसायचो. कोण जगलं, कोण गेलं, हे मला परतीच्या प्रवाशांकडून कळायचं. एकदा तिथं नातेवाइकांना धीर द्यायला मनाच्या डॉक्टर आल्या होत्या. मीही रांगेत उभा राहिलो.

"पेशंटचे कोण?" बाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर."

"मग गाडी फाटकातून बाजूला घ्या," त्या म्हणाल्या. त्यांचंही चुकलं नाही. ड्रायव्हर कशाला रांगेत उभा राहील? मी गाडी बाजूला घेतली.

पुढं आवाज सुरू झाले. गाडी रिकामी, लख्ख ऊन पडलेलं, आणि मागच्या सीटवर कोणीतरी ओकारी काढतंय. मी थांबायचो, उतरून मागचं दार उघडायचो. कोणी नसायचं. प्रवासी भरलेले असले तरी उतरायचो. "भाऊ, काय पाहून राह्यले?" असं कोणी विचारलं की म्हणायचो, "टायर." झोप तर कधीच उडाली होती.

हे मी एकाच माणसाला सांगितलं, भागीरथाताईला. माझी थोरली बहीण, घराला लागून घर. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तेव्हा तिच्यापाशी कसली लाज? तिच्या ओसरीवर ती तांदूळ निवडत होती.

"ताई, गाडीत कोणी नसलं तरी मले मांगून आवाज येते."

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझा हात धरला. "कोणाले सांगू नोको, भीमा. लोक गाडीत बसाचे नाई."

"तुया दीपाले लग्नात मीच नेरले, सासरी, सोडून देतो. एकदा नवरी मांगं बसली ना, का हे सगळं धुऊन निघन पाय."

"तूच नेशीन. मामा हायेस तू तिचा."

हसा हवं तर. नव्या गाडीत आधी घरच्या लेकीबाळींना बसवतात. जुनी गाडीही तशीच उजळेल, एवढंच माझं गणित होतं. भाचीनं त्या सीटवर बसून थोडं हसावं, माहेर सुटलं म्हणून थोडं रडावं. पुढं मला आवाज यायचाच असेल, तर तो तिचा यावा. दुसरं काही मी मागत नव्हतो.

आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. पाहुण्यांच्या सोयीचा रविवार धरला, तो ऐन फवारणीत आला. मी नवी सीट कव्हरं शिवून आणली, जीप घासून चकाचक केली, झेंडूची माळ बांधली. मांडवापाशी लावायला गेलो, तर तिथं एक पांढरी कार उभी. तिची माळ माझ्या माळेपेक्षा जाड.

"ताई, हे कोणाची?"

"नेरवाल्याईनं आणली. तुयी जीप नोको म्हणतात. आता मी काय करू?" ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

मला राग आला तो नेरवाल्यांचा. त्रिशरण-पंचशील झालं, हार घालून झाले, तसा मी नवरदेवाच्या वडिलांना गाठलं. "सदाशिवराव, मामाची गाडी चालत नाई काय तुमाले?"

ते बिचारे गोंधळले. मला बाजूला नेऊन म्हणाले, "आमाले काहून नाई चालन? तुमच्या बहिणीचाच फोन आलता. म्हणे भावाच्या डोक्यावर परिणाम झाला, त्याले भास होतात, गाडी तुमीच आणा." मग खांद्यावर हात ठेवून, वेड्याशी बोलतात तसं हळूच म्हणाले, "तब्येतीले जपा, भाऊ."

पोरीच्या काळजीपोटी ताईनं मला तोंडावर नाही म्हटलं असतं, तर मी ऐकलं असतं. दीपाची आई होती ती. पण जे कोणाला सांगू नको म्हणाली, तेच तिनं परक्यांना फोन करून सांगितलं, आणि वर पाप त्यांच्याच माथी मारलं. दीपा कारमध्ये बसली. जाताना तिची नजर मला शोधत होती. मी जीपच्या आड उभा राहिलो.

कार गेली, शेवटची पंगत बसली. शेजारचा श्रावण सकाळी दुसऱ्याच्या वावरात फवारून, अंघोळ करून जेवायला आला होता. दोन घास खाल्ले आणि पत्रावळीवरच कोसळला. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या, पण मालकांना आपापल्या सीटांची काळजी. मांडवातून पळत आली ती ताई.

"भीमा, जीप काढ!"

"मायं डोकं फिरलं ना, ताई?"

मग तिनं हात जोडले. "मले काय बोलाचं ते नंतर बोल. श्रावण मरन रे."

श्रावणनं माझं काय वाकडं केलं होतं? मी गाडी काढली. त्याला उचलून मागं आडवा केला. ताई पुढचं दार उघडायला आली, ते मी आतून धरून ठेवलं.

"मांगं बस."

"भीमा..."

"मांगं बस, ताई. त्याचं डोकं मांडीवर घे."

ती बसली. नव्या साडीत, नव्या कव्हरावर, दीपाच्या जागेवर. गाव सुटलं आणि मागून तोच आवाज आला. या वेळी खराखुरा. श्रावण ओकत होता, मध्येच त्याचा श्वास अडकत होता. ताई आधी त्याला हाका मारत होती, मग मला मारायला लागली.

"भीमा, हा डोये फिरवून राह्यला! मले नाई पायवत रे. थांबव, मले पुढं घे."

थांबलो असतो, तर श्रावणचं काही खरं नव्हतं. मी अॅक्सिलरेटर दाबला.

"काही तं बोल ना, भीमा," ती रडत म्हणाली. "असा मुका नोको राहू."

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. मला जे बोलायचं होतं, ते मी तिच्या ओसरीवर बसून तिला सांगितलं होतं.