हलका हात

आंजी गावात कुणाकडेही लग्न निघालं की हळदीला कोकिळाला बोलावणं यायचंच. कितीही बुजरा नवरदेव असो, तिच्या हाताखाली मुकाट बसायचा. त्यामुळे अंकुशने रंगाची बाटली पुढे ठेवून "आई, तू लावून दे" म्हटलं, तेव्हा तिला हसूच आलं. हा पोरगा घरात लग्नाचं नाव काढू देत नव्हता, आणि आता भर दुपारी न्हाणीत पाटावर येऊन बसला होता. रंगही कसा, तर उंबराच्या खोडासारखा. माणूस उजळावा म्हणून तिने जन्मभर हळदी लावल्या, आणि पोटचा पोरगा हौसेने काळा व्हायला निघाला.

उद्या वर्ध्याला शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती. जिंकला तर जिल्ह्याचा किताब. स्टेजवरच्या दिव्यांत गोरं अंग सपाट दिसतं, रंगवलं की स्नायूची एकेक दोरी उठून दिसते, असं त्याचे जिमचे गोपाल सर सांगायचे. जिममधली पोरं हा रंग एकमेकांना लावतात, हे तिला ठाऊक होतं. मग हा घरी कशाला आला, ते तिला कळेना. विचारलं तर म्हणे, तिथं गर्दी असते.

"पाठच लाव. समोरून मी लावतो."

पाठीवर लाल पुरळ होतं, खांद्यापासून कमरेपर्यंत. घामोळं असेल, असं ती थंडीतसुद्धा स्वतःला समजावत आली होती. पाठ छान झाली. अंकुशने मात्र छातीवर पोतेरं फिरवल्यासारखे पट्टे ओढून ठेवले. ते तिला बघवेना. हातातलं काम कुणी बिघडवलं की तिचं डोकं फिरायचं. "हो बाजूले," म्हणत तिने पंजा त्याच्या छातीवर ठेवला आणि गोल फिरवला.

अंकुश कळवळून मागे सरला.

बोटांखाली गाठ लागली होती. छातीच्या बोंडामागे, सुपारीएवढी, हलणारी. कोकिळाने दुसरीकडे हात नेला. तिथेही तीच. ही गाठ तिला परकी नव्हती. बारा-तेराव्या वर्षी तिला स्वतःला आली होती, आणि नुसता झग्याचा काठ लागला तरी जीव जायचा. पण ते पोरीचं अंग होतं. आणि हा तर दोन पोती कापूस एका दमात गाडीत टाकणारा गडी.

"हे काय होय, बापू?"

मग हळूहळू निघालं. इंजेक्शनने होतं, असं तो म्हणाला. म्हणून तर जिममध्ये तो बनियन काढत नव्हता. न्हाणीत घालून जायचा, न्हाणीतून घालून यायचा. आणि तिला वाटायचं, पोरगा मोठा झाला, लाजतो.

"कोणचं इंजेक्शन?"

"तू देतं तेच."

कोकिळाचा रंगाचा हात हवेतच राहिला.

चंद्रभानला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, साखर होती. सकाळ-संध्याकाळ त्याला सुई तीच द्यायची, आणि तिचा हात हलका म्हणून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगायचा. मागे अंकुश जिममधून लंगडत आला होता. गोपाल सरांनी धसमुसळी सुई दिली म्हणे. ताकदीचं औषध आहे, आई, तूच देत जा. औषध तेलासारखं जाड होतं. ते पोराला दुखू नये म्हणून ती बाटली आधी कोमट पाण्याच्या वाटीत ठेवायची. मग द्यायची, वरून चोळायची. दंड भरू लागले तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याच हाताचा गुण.

"अन् लग्नाचं काऊन नाई म्हणतं तू?"

"त्याचंबी तेच हाय. तुले नाई सांगता येत." त्याचे कान लाल झाले. "डोस बंद केला का जाते, सर म्हणते."

"मंग उद्या झाल्यावर बंद?"

"उद्या झाल्यावर नागपूरचा शो हाय."

ओरडावं, तर कुणावर? अलीकडे स्पर्धेसाठी मीठ सोडलं होतं, तर भाजीत जरा मीठ लागलं तरी हा ताट भिरकावायचा, ते भूत आता समोर नव्हतं. समोर एक अर्धं रंगलेलं पोर बसलं होतं, आणि ते म्हणालं, "इथं जरा दाट लाव, आई. दिसलं नाई पायजे."

तिने दाट लावला. बोटाच्या टोकाने, हळूच. का लावला, तेही तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच त्याची स्पर्धा बघायला गेली. स्टेजवर सगळी पोरं एकाच रंगाची. आपलं कोणतं, तेच तिला ओळखू येईना. अखेर छातीवर तिच्या बोटांचा गोल दिसला, आणि तोवर त्याला दुसऱ्या नंबरचं पदक मिळालंही होतं. लोक टाळ्या पिटत होते. तिनेही वाजवल्या. पण नजर त्या गोलावरून हटली नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी तिने चंद्रभानची सुई काढायला फ्रिज उघडला. दहीवड्याच्या डब्यामागे अंकुशची बाटली होतीच. नवऱ्याला सुई देऊन ती वळली, तर अंकुश कोमट पाण्याची वाटी घेऊन उभा. आज त्याच्या सुईचा वार होता. बाटली त्याने स्वतःच पाण्यात ठेवली आणि खाटेवर पालथा झाला.

कोकिळा वाटीपाशी बसली. जगवते ती सुई आणि ही सुई, दोन्हींना तिचा हात एकच. कोणत्या सुईने काय केलं ते समजण्याइतकी ती शिकलेली नव्हती. गोपाल सर तरी शिकलेले होते का, कोण जाणे.

"दे ना, आई."

"पानी गार होऊ दे."

"गार झाल्यावर दुखते."

"मले मालूम आहे." ती उठली नाही. "सकाळच्या गाडीनं दवाखान्यात जाऊ. मी येईन संगं. डॉक्टरनं मले सांगितलं का दे, तं देईन."

"डॉक्टर हासन."

"हासू दे."

त्याने उशीत तोंड खुपसलं. आता वाटी भिंतीवर जाते, असं वाटून तिने ती गुपचूप आपल्याकडे ओढून घेतली. पण तो उठला नाही. उशीतूनच त्याने विचारलं, "तिथं बनियन काढा लागन काय?"

"लागन."

"तू आत येशीन?"

पाणी गार झालं होतं. कोकिळाने त्यात बोट घालून पाहिलं, आणि हो म्हणाली.