पेटी क्रमांक तीनशे चार

आकाश अखंड आहे. त्याला शिवण नाही, कुंपण नाही. जमिनीचे माणसाने हवे तेवढे तुकडे पाडले, पण वर त्याचा हात पोचलेला नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत तरी परिस्थिती अशीच होती. मग आप्पांच्या सुनेने एन्टर दाबलं आणि पडद्यावर आकाश उमटलं. त्यात उजवीकडे खाली, शर्टावर इस्त्री विसरल्यावर पडतं तसं एक भोक होतं.

तिने पडदा ओढणीने पुसला. भोक गेलं नाही.

वेधशाळेतलं तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. इथल्या दुर्बिणीने एकोणीस वर्षं काचेच्या प्लेटींवर तारे टिपले होते. त्या ताऱ्यांच्या याद्या आता फायलींत आल्या होत्या. पावसाळा सोडून दर आठवड्याच्या प्लेटींची एक पेटी. एका पेटीची एक फाइल. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा लिहायची. संगणक प्रत्येक ताऱ्याचा पत्ता वाचतो, आकाशाचे चौकोन पाडतो आणि ज्या चौकोनात एक तरी तारा सापडेल तो निळा रंगवतो. आज्ञेच्या शेवटी एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितके चौकोन बारीक. तिने नऊ दिला होता.

चार वाजता खालच्या सभागृहात या नकाशाचं अनावरण होतं. फलकावर ‘आमच्या दुर्बिणीचं संपूर्ण आकाश’ असं छापून झालं होतं. शिवाय ती दुर्बीण एकोणीस वर्षं चालवणाऱ्या निवृत्त निरीक्षकांचा सत्कार होता. हे निरीक्षक म्हणजे तिचे सासरे, आप्पा. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्यासमोर कोणी बोलत नव्हतं, म्हणजे मागे सगळे बोलत होते.

तिने जुनं रजिस्टर काढलं आणि भोकाच्या जागेवर कोणत्या रात्री काम झालं ते शोधलं. पेटी क्रमांक तीनशे चार. सात रात्री. शेरा: ‘आकाश निरभ्र. काम पूर्ण.’ खाली आप्पांची सही, सातही वेळा तशीच टपोरी.

टेबलावरचा फोन वाजला. संचालक होते.

“शंभर टक्के आहे ना?”

“नव्व्याण्णव पूर्णांक आठ.”

“अहो बाई, फलक लागलाय. शंभर करा.”

“भोक आहे, साहेब.”

“भोक असतंच. दिसायला नको, एवढंच.”

तिने फोन ठेवला. आज्ञेतला नऊ खोडला आणि दोन लिहिला. एन्टर. चौकोन एवढे मोठे झाले की कडेचे चार तारे धरून भोकाची जागासुद्धा निळी झाली. शंभर टक्के. आकाश बाथरूमच्या फरशीसारखं दिसत होतं, पण फरशी पूर्ण होती. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आकडा तिने दिला होता, रंग संगणकाने. तिने दोन्ही नकाशे छापले, एकावर एक ठेवले आणि ती बाहेर आली.

आप्पा बाहेर बाकावर बसले होते. शर्ट नवा होता आणि कॉलरमधली शेवटची टाचणी त्यांना सापडत नव्हती. शेजारी तिचा नवरा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

“जरा चहाचं बघून येतोस?” ती नवऱ्याला म्हणाली.

“कुणाला हवाय?”

“कुणालाच नको. तू बघून ये.”

तो गेला. तिने नऊचा नकाशा आप्पांच्या मांडीवर ठेवला आणि भोकावर बोट टेकवलं.

“तीनशे चार,” ती म्हणाली.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टाचणी शोधणारा हात कॉलरवरच राहिला.

“सापडलं म्हणायचं,” ते म्हणाले. “मी झोपलो होतो.”

“कुठल्या रात्री?”

“सातही. तुझा नवरा तीन महिन्यांचा होता. दिवसभर भोंगा. डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. क्वार्टर दुर्बिणीच्या घुमटाला लागूनच. रात्री वर गेलो की खुर्चीत बसायचो आणि थेट सकाळीच उठायचो.”

“मग प्लेटी?”

“कोऱ्याच पेटीत भरून खाली धुवायला पाठवल्या. न धुतलेली प्लेट कोरी काय, उमटलेली काय, सारखीच दिसते. म्हटलं, धुतल्यावर कळेलच. कोणीतरी ओरडेल, तेव्हा खरं सांगू. कोणी ओरडलंच नाही. तेहेतीस वर्षं झाली. म्हटलं, ऑफिस आहे, नसेल पाहिलं कोणी.”

तिने दुसरा नकाशा पुढे केला. “हा दोनचा. यात काही दिसत नाही. संचालकांना हाच हवाय.”

आप्पांनी तो हातभर लांब धरला.

“हे आकाश आहे?”

“तेच आहे.”

“नऊ लाव,” आप्पा म्हणाले. “भोक माझं आहे. मी स्टेजवरून सांगतो.”

“आप्पा, बाहेरची माणसं आलीयत. सत्काराची चौकशी होऊन बसेल. लोक म्हणतील, सात रात्री झोपला तो आणखी किती झोपला असेल. एकोणीस वर्षांवर पाणी पडेल.”

“पडू दे. अगं, तेहेतीस वर्षं कोणी पाठीवर थाप मारली तरी मी दचकतोय.”

ती आत आली. घड्याळात सव्वातीन. तिने दोनचा नकाशा फाडला. तेवढ्यात पुन्हा फोन.

“भाषणात पेट्या किती सांगू?”

“रजिस्टरप्रमाणे पाचशे बहात्तर.” बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली. आज्ञेच्या उत्तरात पहिलीच ओळ होती: वाचलेल्या फायली, पाचशे एकाहत्तर. ती ओळ रोज असते, म्हणून ती कोणी वाचत नाही.

तीनशे चार क्रमांकाची फाइल जागेवरच होती, फक्त बांधलेली, म्हणजे झिप केलेली. परवा डिस्कमध्ये जागा संपली, तेव्हा एक फाइल सोडवायची तिने उद्यावर टाकली होती. बांधलेली फाइल आज्ञेने मुकाट्याने वगळली होती. सुनेने जागा केली, फाइल सोडवली, आकडा नऊच ठेवला. एन्टर.

भोक भरलं. शंभर टक्के, बारीक चौकोनांचं.

ती पळतच बाहेर आली. “आप्पा, भोक माझं होतं! तुमच्या पेटीत एकोणीस हजार तारे आहेत!”

आप्पांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

“शक्य नाही,” ते म्हणाले. “मी झोपलो होतो.”

तिने मोबाइल काढला, घरी लावला आणि स्पीकर चालू केला. सासूबाई गुडघ्यामुळे आल्या नव्हत्या.

“आई, तुमचा मुलगा तीन महिन्यांचा होता तेव्हा, आप्पा वर झोपले त्या सात रात्री दुर्बीण कोणी चालवली?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “हे घोरत होते. आणि पोरगं दुसऱ्या कशानेच झोपेना. दुर्बिणीची मोटर घरघरायला लागली की लगेच डोळे मिटायचं. मग रोज टोपलीत घालून वर न्यायचे.”

“आणि प्लेटी?”

“मोटर चालू ठेवायचीच होती, तर म्हटलं, यादीतलं उरकून टाकू. भिंगातल्या फुलीवर तारा धरायचा, प्लेट बदलायची. एवढंच तर होतं. ह्यांनी त्याचं एकोणीस वर्षं कौतुक करून घेतलं.”

“अगं, मला सांगायचं नाही?” आप्पा फोनवर वाकले.

“अहो, तुम्ही रजिस्टरात ‘काम पूर्ण’ लिहून मोकळे झालात. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. बरं, टाचणी निघाली का कॉलरची?”

चार वाजता नकाशा झळकला. आप्पांनी सन्मानचिन्ह घेतलं, माइकला हात लावला आणि म्हणाले, “तीनशे चार नंबरच्या पेटीच्या सातही रात्री मी झोपलो होतो. ते काम माझ्या बायकोने केलं.” सभागृह खळखळून हसलं. संचालक सगळ्यांत मोठ्याने हसले आणि शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, “बघा, किती विनम्र.” आप्पांनी वाक्य पुन्हा म्हटलं. टाळ्या पडल्या.

सुनेने दुसऱ्या रांगेत पाहिलं. तिच्या नवऱ्याची खुर्ची प्रोजेक्टरला लागून होती. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता आणि तो गाढ झोपला होता.