मंगळवारची हजामत

आप्पांना माझ्या हातून दाढी करून घ्यायची नव्हती आणि मला ती आजच करून हवी होती. पुण्याच्या वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर त्यांचा ताजा फोटो लागणार होता. फॉर्म आज संध्याकाळपर्यंत ईमेलनं गेला नाही, तर राखून ठेवलेली जागा दुसऱ्याला मिळणार होती. तीन आठवड्यांच्या वाढलेल्या दाढीचा फोटो पाठवला असता, तर तिथले लोक म्हणाले असते, पोरानं बापाची काय दशा केलीय बघा. तेवढी लाज मला अजून आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार ज्ञानोबा. उभा जन्म रोज पहाटे घोटून दाढी केलेला माणूस. झटका आला, उजवा हात गेला आणि डोकंही मधूनच साथ सोडायला लागलं. आठ महिन्यांपूर्वी मी त्यांना साताऱ्याहून जयपूरला घेऊन आलो. दोनदा मी त्यांची दाढी करायला गेलो, दोन्ही वेळा गाल कापला. तेव्हापासून माझ्या हातात ब्लेड दिसलं की तोंड फिरवतात, म्हणून आज न्हाव्याकडे न्यायचं ठरवलं. मी आणि हर्षाली, माझी बायको, आळीपाळीनं झोपतो. खरं सांगतो, मी थकलोय. भांडायचासुद्धा कंटाळा येतो हो आता.

आमच्या गावात न्हाव्याची दुकानं सोमवारी बंद. आप्पांच्या डोक्यातून सगळं गेलं, पण हे गेलं नाही. सकाळपासून चारदा विचारलं, आज सोमवार नाही ना? नाही हो आप्पा, मंगळवार आहे, मुद्दाम मंगळवारी रजा काढलीय, असं मी चारदा सांगितलं. दोन जिने उतरायला अर्धा तास लागला. आमच्या मुरलीपुऱ्यातल्या न्हाव्याच्या गल्लीत पोचलो, तर त्या बनवारीजींच्या दुकानाचं शटर अर्धं खाली.

सहा वर्षं झाली मला इथं, पण मी केस कापून घेतो ऑफिसखालच्या पार्लरमध्ये. ते रोज उघडं असतं. इथं मंगळवार हनुमानाचा, जुने न्हावी त्या दिवशी वस्तरा धरत नाहीत, हे मला कुठून माहीत असणार? बनवारीजी आत हनुमानाच्या तसबिरीला उदबत्ती लावत होते. मी हात जोडले, गयावया केली, दुप्पट पैसे देतो म्हणालो. त्यांनी शांतपणे सांगितलं, आज नाही, उद्या या. डोक्यात अशी तिडीक गेली! पण उद्या काय उपयोग, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

आप्पा मात्र शटरखालून वाकून आत गेले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. बनवारीजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तेलाची बाटली काढली. वस्तरा नाही, पण चंपीला मनाई नाही, म्हणाले. आणि त्यांच्या डोक्यात बोटं फिरवायला लागले. घरी कुणी हात लावला की अंग चोरणारा माझा बाप डोळे मिटून गप बसला. मी बाकावर बसून फोनमध्ये वेळ बघत होतो. फोटो तसाच काढावा, दाढीसकट, असंही एकदा मनात आलं.

चंपी झाली. आप्पा खुर्चीचा हात धरून कसेबसे उठले, माझ्याकडे वळले आणि डाव्या हातानं माझं मनगट धरून मला खुर्चीकडे ओढलं.

"ह्याला बसवा आता," ते बनवारीजींना म्हणाले. "दमलंय पोरगं."

बनवारीजींना मराठी कळेना. बाबा काय म्हणतात, त्यांनी मला विचारलं. मला ते हिंदीत सांगावं लागलं. माझ्याच तोंडानं सांगावं लागलं की मुलगा थकलाय, असं म्हणतात. सांगता सांगता मी खुर्चीत बसलो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, ढसाढसा रडलो. बनवारीजी माझ्या डोक्याला तेल चोळायला लागले. लहानपणी न्हाव्यापुढे मी हलू नये म्हणून आप्पा माझी हनुवटी धरून उभे राहायचे. आत्ताही तशीच धरली.

घरी येताना त्यांनी विचारलं, दाढी राहिली की रे?

"उद्या येऊ, आप्पा," मी म्हणालो.

फॉर्म खिशातच होता. संध्याकाळी मी तो पाठवला नाही.